साचा ओतण्यापूर्वी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरील शिल्पे पाहिल्यावर त्यांची लहानशी रेझिनची प्रतिकृती करावी असे ओतकाम करणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यासाठी मूळ दगडावर सिलिकॉन थापणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे, कारण ते संरक्षित स्मारक तर आहेच, शिवाय सच्छिद्र दगडात सिलिकॉनमधील तेल मुरून न निघणारा डाग पडू शकतो. मोजमापे व छायाचित्रे घेऊन मातीत मूळ नमुना घडवावा, हाच योग्य मार्ग होय.

प्रस्तुत लेखकाचा पहिला साचा मात्र या मातीनेच बिघडवला. वापरलेल्या तेलमातीत गंधक होते आणि सिलिकॉन प्लॅटिनमचे होते, म्हणजे ज्याचे दोन घटक मिसळल्यावर प्लॅटिनम हा उत्प्रेरक, स्वतः खर्च न होता, त्यांचे रबर बनवतो. गंधक, लॅटेक्सचे हातमोजे किंवा कथिलयुक्त सिलिकॉन यांच्या स्पर्शाने हा उत्प्रेरक निकामी होतो. दुसऱ्या दिवशी साचा बाहेरून पक्का दिसत होता. उलटून पाहताच कमळाच्या पाकळ्यांच्या रेघांत मधासारखा चिकट थर आढळला, आणि तो खरवडताना नमुन्याचे नाकही गेले. म्हणून गंधकविरहित माती घ्यावी, नमुन्यावर अॅक्रिलिक लॅकरचा थर द्यावा आणि तरीही नाण्याएवढे सिलिकॉन एका कोपऱ्यात लावून चोवीस तासांनी नखाने तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. कथिलाचे सिलिकॉन गंधकाला जुमानत नाही, पण कालांतराने किंचित आकसते.

नमुन्यावरचा अंगठ्याचा ठसाही साच्यात उतरतो आणि पुढे प्रत्येक प्रतीत उमटतो. तेव्हा गुळगुळीतपणावर घालवलेला वेळ वाया जात नाही. सिलिकॉनचा पहिला हात कुंचल्याने बारीक खाचांत भरावा, उरलेले बारीक धारेने एकाच कोपऱ्यातून सोडावे, म्हणजे हवा वर सरकत जाते. साचा दोन भागांचा असल्यास पहिल्या भागावर व्हॅसलीन लावलेच पाहिजे, कारण सिलिकॉन सिलिकॉनला घट्ट चिकटते, मग कापण्यावाचून इलाज उरत नाही.

पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन हवेतील ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते व प्रत फुगीर, छिद्रमय होते. इपॉक्सीला हा त्रास कमी. उन्हाळ्यात उष्णतेने रेझिन लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे, सकाळच्या गारव्यात मिसळावे.

रेझिनमधील रसायनांनी सिलिकॉन हळूहळू कोरडे पडून बारीक कडांपाशी फाटू लागते आणि कोणताही साचा असाच संपतो. मूळ नमुना शाबूत ठेवला असेल तर नवा साचा दोन दिवसांत तयार होतो; तो टाकून दिला असेल तर सारे घडणकाम पुन्हा करावे लागते.