शिवण कुठं घ्यावी

आषाढ वद्य एकादशीला आमच्या नरसी नामदेवला परतवारीची यात्रा भरते. त्या दिवशी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी ओसरीचे पत्रे नवे टाकले होते आणि त्यांच्या कडेखाली सागवानी पट्टी यात्रेआधी लागलीच पाहिजे, ही घाई माझी होती. आधीच सांगतो, म्हणजे मिस्त्रीच्या नावानं कुणी बोटं मोडायला नको.

ओसरी 18 फूट, चार खांब, सहा-सहा फुटांवर. वखारीत अठरा फुटी फळी नव्हती, म्हणून 9-9 च्या दोन आणल्या. बेरीज जमली, मी खूश. सांधा आला नेमका मधल्या खणाच्या मधोमध, दारासमोर. मिस्त्रीनं टोकं सरळ कापून भिडवली, फटीत लांबी भरली, काचकागद मारला, वरून रंगाचे दोन हात. "आता शोधून दाखवा मालक!" मला खरंच सापडला नाही.

चैत्रात सापडला. लांबीला उभी भेग, एका फळीची कड दुसरीच्या जराशी पुढं, खिळ्यांभोवती काळे डाग. मी पुन्हा लांबी भरली. पुढच्या पावसात तिचा पोपडा निघाला. तिसऱ्यांदा भरत होतो तेव्हा शेजारचे शिंपीकाका ओट्यावरून बघत होते. "बाळा, शिवण कुठं घ्यायची ते कापड कापायच्या आधी ठरवावं लागतं. नंतर नुसती रफू." नामदेवांच्या गावात राहून शिंप्याला आधी विचारायचं सुचलं नाही मला!

लाकूड रेषेच्या दिशेनं जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. आषाढात फुगतं, वैशाखात पारा 40 च्या वर गेला की आकसतं. त्यातही ज्या फळीत वर्षांची वलयं आडवी पडलेली असतात ती, वलयं उभी असलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट हलते. शेजारशेजारच्या दोन फळ्यांची अशी ओढाताण चाललेली असताना मधली कडक लांबी बिचारी काय करणार? त्यात कापलेलं टोक फळीच्या पाठीपोटापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, आणि आमची दोन्ही टोकं कोरी होती. सांध्यामागं टेकू नव्हता तो नव्हताच.

म्हणून वखारीत जाण्याआधी खांब मोजा. मी एक 12 फुटी फळी नवी आणली, जुन्यांतली एक सहा फुटांवर कापली, की सांधा आला थेट खांबावर. काप जाडीतून तिरका, 45 अंशांचा. त्यासाठी फळी इंचभर जास्त धरावी लागते. पाऊस आम्हाला पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा पश्चिमेची फळी वरून आणि पूर्वेची तिच्याखाली, कौलं घालतात तशी. उद्या फट पडलीच तरी आत लाकूडच दिसतं, उजेड नाही. जोडण्याआधी टोकांना प्रायमर दोनदा पाजा. पहिला हात लाकूड नुसता गिळून टाकतं. डिंकाचा नाद मी सोडला, सागाच्या अंगच्या तेलावर तो नीट धरत नाही. आधी बारीक भोक पाडून प्रत्येक फळीला तिचे स्वतःचे दोन पितळी स्क्रू.

आणि लपवायचं म्हणाल तर सांध्यावर लाकडी फूल बसवलं. तसंच फूल बाकीच्या तिन्ही खांबांवरही. एकाच खांबावर लावलं असतं तर पाहुण्यानं पहिलं बोट तिथंच ठेवलं असतं. फुलाचे स्क्रू मात्र एकाच फळीत घ्या. दोन्हींत घेतले तर फूलच चिरतं. हेही मी एक फूल घालवून शिकलो.

कापून उरलेला तीन फुटांचा तुकडा आईनं देवघराजवळ फळी म्हणून लावून घेतला. त्याच्या एका टोकाला माझी लांबी अजून चिकटलेली आहे, तीन थरांची.