बोट ओढू नका, कोपर चोळू नका : खेळताना हाताला होणाऱ्या दुखापती

सुट्ट्या लागल्या की मैदाने भरतात. जयंतीनिमित्त वस्तीवस्तीत कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने होतात. पोलिस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे गोळाफेकीचा सराव करतात. खेळ म्हटला की पडणे-लागणे आलेच. पाय मुरगळला तर चालता येत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हाताचे तसे होत नाही. एक हात दुखावला तर दुसऱ्या हाताने काम भागते आणि दुखणे अंगावर काढले जाते. जोडीला मैदानावरचा एखादा जाणता बोट ओढून ‘बसवून’ देतो, घरी तेल लावून चोळले जाते, आणि ‘बोट हलतंय ना, मग हाड शाबूत आहे’ असे सांगून सगळे निर्धास्त होतात.

हा समज चुकीचा आहे. हाड मोडलेले असतानाही बोट हलू शकते. उलट हाड शाबूत असूनही बोट कायमचे वाकडे होऊ शकते. हाताच्या काही दुखापतींना मुदत असते. पहिल्या आठवड्यात साध्या उपायाने बरी होणारी गोष्ट दोन महिन्यांनी मोठ्या शस्त्रक्रियेनेही पूर्ण बरी होत नाही. शिलाई, गवंडीकाम, वेल्डिंग असो की परीक्षेचा पेपर असो, ज्यांचे पोट आणि भविष्य हातावर आहे त्यांनी ही माहिती समजून घ्यायलाच हवी.

हाताची रचना

खांद्यापासून कोपरापर्यंत एकच लांब हाड असते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात : अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटात ८ छोटी हाडे, तळहातात ५ आणि बोटांत १४ (अंगठ्यात २, बाकी प्रत्येक बोटात ३) असतात. म्हणजे मनगटापासून पुढे एका हातात २७ हाडे झाली. दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला स्नायुरज्जू म्हणतात.

एक छोटा प्रयोग करा. उजवा हात टेबलावर ठेवा. डाव्या हाताने उजव्या कोपराच्या थोडे खाली धरा आणि उजव्या हाताची बोटे उघडझाप करा. हालचाल डाव्या हाताला जाणवेल. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. तिथून दोऱ्या निघून बोटांच्या टोकापर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीसारख्या. दोरी तुटली तर हाड शाबूत असूनही बोट हलत नाही.

हाताला जाणीव आणि ताकद देणाऱ्या मुख्य नसा तीन. त्या काम करतात की नाही हे दगड-कागद-कात्री या खेळाने तपासता येते. घट्ट मूठ (दगड) हे मीडियन नसेचे काम, मनगट वर उचलून बोटे सरळ करणे (कागद) हे रेडियल नसेचे, आणि दोन बोटे फाकवणे (कात्री) हे अल्नार नसेचे. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या याच अल्नार नसेमुळे. लहान मूल रडत असले तरी हा खेळ खेळते, त्यामुळे तपासणी सोपी जाते.

खांदा

खांद्याचा सांधा उथळ बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा असतो. म्हणून हात चारी बाजूंना फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही सहज. कबड्डीत पकड होताना हात वर आणि मागे ओढला गेला की चेंडू बहुधा पुढच्या बाजूला सरकतो. खांद्याची गोलाई जाते, कोपरा आलेला दिसतो आणि खेळाडू दुसऱ्या हाताने तो हात धरून बसतो. अशा वेळी मैदानावर हात ओढून खांदा बसवू नये. सोबत हाड मोडलेले असू शकते आणि खांद्याला वळसा घालून जाणारी नस ओढली जाऊ शकते. हात आहे त्या स्थितीत ओढणीने छातीशी बांधावा आणि रुग्णालयात न्यावे. एक्स-रे काढून, वेदना कमी करण्याचे औषध देऊन डॉक्टर तो बसवतात. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून दुखणे थांबले तरी सांगितलेली विश्रांती आणि व्यायाम पूर्ण करावेत.

गोळाफेकीत आणि जोरदार गोलंदाजीत खांद्याभोवतीच्या स्नायुरज्जूंना सूज येते. हात वर उचलताना दुखते. आठवडाभर फेक बंद ठेवून हळूहळू सराव वाढवावा. भरती जवळ आली म्हणून एका दिवसात शंभर फेका केल्या तर खांदा नेमका त्या दिवशी दगा देतो.

कोपर : लहान मुलांची मोठी जोखीम

झाडावरून, भिंतीवरून किंवा घसरगुंडीवरून हात टेकवून पडलेल्या मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडते. ५ ते ८ वर्षांच्या मुलांत ही दुखापत जास्त दिसते. त्या जागेवरून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. मोडलेल्या हाडाचे टोक त्यांना दाबू शकते.

आपल्याकडे अशा हाताला लेप लावून, बांबूच्या कामट्या घालून घट्ट बांधण्याची पद्धत अजून आहे. आत सूज वाढत असते आणि बाहेरची पट्टी सैल होत नाही. स्नायूंना रक्त मिळेनासे होते. साधारण ६ तास रक्तपुरवठा बंद राहिला की स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू आखडतो आणि बोटे पंजासारखी कायमची वाकतात. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये या व्यंगाचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. कारण माहीत होऊन इतकी वर्षे झाली, तरी हे व्यंग आजही घडते, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

कोपर चोळण्याचा आणखी एक तोटा आहे. मार लागलेल्या कोपराला जोराने मालिश केली की स्नायूत रक्त साचते आणि तिथे हाडासारखा कडक थर तयार होऊ शकतो. मग कोपर पूर्ण वाकत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही.

मोठ्यांमध्ये ‘टेनिस एल्बो’ हे दुखणे सर्रास दिसते. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखते आणि कपडे पिळताना किंवा बादली उचलताना कळ येते. याच दुखण्याने सचिन तेंडुलकर २००४ मध्ये मैदानाबाहेर बसला आणि २००५ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना मात्र विश्रांती, योग्य व्यायाम आणि जड वस्तू उचलण्याची पद्धत बदलणे एवढ्यानेच आराम पडतो. त्याला काही महिने लागू शकतात.

मनगट : ‘मुरगळले’ म्हणून सोडू नका

हात टेकवून पडल्यावर मनगट दुखते, थोडी सूज येते आणि दोन-चार दिवसांत कमी होते. आता अंगठा ताणून बाहेर काढा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा दिसेल. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडल्याची शंका घ्यावी.

या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळते. मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो. ते हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि तरुण वयातच मनगटाचा संधिवात सुरू होतो. शिवाय पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ही मोड दिसेलच असे नाही. म्हणून एक्स-रे साफ असूनही डॉक्टर प्लास्टर घालतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा बोलावतात. ‘फोटोत काही नाही, उगीच प्लास्टर घातलं’ असे म्हणून ते कापून टाकू नका. दुसऱ्या एक्स-रेला नक्की जा.

बोटे : सर्वांत जास्त मार, सर्वांत कमी लक्ष

झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की पेरे खाली लोंबते. दुसऱ्या हाताने ते सरळ होते, पण आपोआप सरळ राहत नाही. बोट सरळ करणारी दोरी टोकाशी तुटलेली असते. उपाय साधा आहे. शेवटचा सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टी ६ ते ८ आठवडे रात्रंदिवस लावायची. मधे एकदा जरी पेरे वाकले तरी दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. पट्टी बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवावे.

कबड्डीत चढाई करणाऱ्याची चड्डी किंवा बनियन पकडताना बोट अडकून झटका बसतो. बहुधा अनामिका सापडते. मूठ वळली तरी त्या बोटाचे शेवटचे पेरे वाकत नाही. इथे वाकवणारी दोरी तुटलेली असते आणि ती आखडून पार तळहातापर्यंत मागे जाऊ शकते. याला शस्त्रक्रिया लागते, तीही साधारण ७ ते १० दिवसांच्या आत. या दुखापतीत दुखणे फार नसते, म्हणूनच उशीर होतो.

बोटाचा मधला सांधा निखळला की तो ओढून बसवण्याचा मोह होतो. बोट सरळ दिसू लागते, पण आतला हाडाचा तुकडा किंवा फाटलेली दोरी तशीच राहते आणि काही आठवड्यांनी बोट मधल्या सांध्यात वाकू लागते. सांधा कोणी बसवलेला असला तरी एक्स-रे हवाच.

अंगठा बाहेरच्या बाजूला वाकून पडल्यावर पेन धरायला किंवा कुलपात किल्ली फिरवायला ताकद लागेनाशी झाली, तर आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला असू शकतो. आणखी एक खूण लक्षात ठेवा. हळूच मूठ वळली की सगळी बोटे अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल तर हाड पीळ पडून मोडलेले आहे.

झटापटीत समोरच्याचा दात लागून मुठीवर जखम झाली, तर ती कितीही छोटी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात.

मैदानावर काय करावे

१. अंगठी, कडे, घड्याळ, मनगटाला बांधलेला दोरा लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.
२. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका.
३. हात आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैलसर बांधा. ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा. हाताचा पंजा कोपरापेक्षा वर असावा.
४. पहिले २ ते ३ दिवस शेक, तेल, मालिश नको.
५. नख दाबून सोडा. पांढरे झालेले नख साधारण २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. आधार बांधण्याआधी आणि नंतरही हे तपासा.
६. हाड किंवा सांधा बसवायला भूल द्यावी लागू शकते. म्हणून शंका असेल तर रुग्णालयात पोचेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

एक मिनिटही थांबू नका

बोटे थंड, पांढरी किंवा निळसर पडणे, मुंग्या येणे किंवा बधिरपणा, हाड जखमेतून बाहेर दिसणे, हात वाकडा दिसणे, आणि बोटे कोणी हळूच सरळ केली तरी असह्य कळ येणे : यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठा. प्लास्टर घातल्यानंतरही ही लक्षणे दिसू शकतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी जा, सकाळची वाट पाहू नका.

खर्चाच्या भीतीने बरेच जण हाडवैद्याकडे वळतात. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे आणि प्लास्टर परवडण्यासारखे असते. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

पुन्हा खेळायला कधी?

दुखणे थांबले म्हणजे दुखापत बरी झाली असे नाही. सांधा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो, मुठीची ताकद दुसऱ्या हाताइतकी आहे, आणि डॉक्टरांनी होकार दिला आहे, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच मैदानात उतरा. प्लास्टर असताना मोकळी बोटे आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवत राहा, नाहीतर तेही आखडतात. खेळण्याआधी १० मिनिटे अंग गरम करणे, नखे कापलेली असणे, अंगठी-कडे काढून ठेवणे आणि कबड्डीचे मैदान खडे वेचून भुसभुशीत करणे, एवढ्याने बऱ्याच दुखापती टळतात.

सामने भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. ढाल आणि हार यांच्या खरेदीसोबत बर्फाची एक पेटी, चार त्रिकोणी पट्ट्या, थोडे जाड पुठ्ठे आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक मैदानावर ठेवा. आणि कुणी बोट ओढायला पुढे आले तर त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा.