पडद्यावरील डाव आणि जमिनीवरील डाव

विद्यार्थी मित्रहो, द्वंद्वयुद्धाचे व्हिडिओ गेम तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील, कांहींनीं खेळलेही असतील. तुमच्या वडील माणसांस मात्र त्यांत दोन आकृत्यांची हाणामारी आणि बटणांचा खडखडाट यांपलीकडे बहुधा कांहीं दिसत नाहीं. या खेळांच्या एकाच अंगाचा, म्हणजे प्रतिपक्ष्यास धरून जमिनीवर आपटण्याच्या डावांचा, विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हे डाव खेळांत कशासाठीं आले, ते कसे लागतात, त्यांची तोड कोणती, आणि खऱ्या मल्लविद्येशीं त्यांचें नातें कोठपर्यंत पोहोंचतें, हे चार प्रश्न आपण क्रमानें घेऊं.

उदाहरणादाखल ‘व्हर्च्युआ फायटर’ हा जपानी खेळ पाहूं. सेगा कंपनीनें तो १९९३ सालीं, यू सुझुकी यांच्या देखरेखीखालीं, सार्वजनिक खेळघरांतील यंत्रांसाठीं तयार केला. त्यापूर्वींचे या जातीचे खेळ बहुधा सपाट चित्रांचे असत. यांतील योद्धे मात्र लांबी, रुंदी व खोली या तिन्ही परिमाणांत वावरत होते. खेळणाऱ्याच्या हातीं एक काठी आणि तीनच बटणें: बचाव, ठोसा व लाथ. साधनें इतकी थोडकीं, तरी या मालिकेवर लोकांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला. त्याचें कारण तिच्या रचनेंत आहे.

अशी कल्पना करा कीं, खेळांत केवळ प्रहार आणि बचाव हीं दोनच अंगें आहेत. मग जो हात आडवे धरून स्वस्थ उभा राहील त्याचें फारसें कांहीं बिघडणार नाहीं. भित्र्या माणसास तें सोयीचें, पण त्यांत युद्धही नाहीं आणि विद्याही नाहीं. म्हणून रचनाकारांनीं तिसरें अंग दिलें, तें पकडीचें. तोंडापुढें धरलेला हात मुठीस अडवितो, परंतु पकडीस अडवीत नाहीं. अशा रीतीनें पकड ही बचावाची तोड झाली. उलट, जो पकडावयास पुढें सरतो तो त्या क्षणीं उघडा पडतो. समोरच्यानें त्याच वेळीं ठोसा मारला तर पकड फसते. म्हणजे बचाव प्रहारास जिंकतो, पकड बचावास जिंकते, आणि प्रहार पकडीस जिंकतो. दगड, कागद व कात्री या मुलांच्या खेळासारखीच ही सांखळी आहे; कोणतेंही एक अंग सर्वश्रेष्ठ नाहीं.

येथें एखादा चतुर विद्यार्थी विचारील कीं, पकड येतांच खालीं वांकलें तर? होय, वांकलें असतां उभ्यानें घातलेली पकड डोक्यावरून निघून जाते. परंतु वांकलेल्यावर कमरेच्या उंचीचा प्रहार नेमका बसतो. प्रत्येक सुरक्षित जागेस अशी एक उघडी बाजू ठेवली आहे. एकाच जागीं लपून राहणारा शेवटीं सांपडतो.

आतां काळाचें गणित पाहा. १९९४ सालच्या दुसऱ्या खेळापासून या मालिकेंत पडद्यावरील चित्र एका सेकंदांत ६० वेळां बदलतें. त्यांतील एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. डोळ्यांनीं कांहीं पाहून हातानें हालचाल करण्यास माणसास सुमारें पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम, लागतात. झटपट लागणारी पकड याहून लवकर पुरी होते. तेव्हां नुसतें पाहून प्रत्येक पकड चुकविणें शक्य नाहीं. प्रतिपक्ष्याच्या मनांत काय आहे तें आधींच ताडावें लागतें. तो दोन वेळां बचाव करून थांबला, आतां काय करील? असा प्रश्न मनाशीं विचारणारा खेळाडू बटणें बडविणाऱ्यास सहसा हार जात नाहीं.

पकड बसल्यावरही सर्व संपत नाहीं. ‘व्हर्च्युआ फायटर’मध्यें प्रतिपक्ष्यानें डाव ज्या दिशेचा संकेत देऊन टाकला, ती दिशा ओळखून वेळींच दिली तर पकड सुटते. नाम्को कंपनीच्या, १९९४ सालीं आरंभिलेल्या, ‘टेक्केन’ मालिकेंत पकडणाऱ्याचा कोणता हात पुढें आला तें पाहण्याची रीत रूढ झाली: डावा असेल तर डाव्या ठोशाचें बटण, उजवा असेल तर उजव्याचें, आणि दोन्ही असतील तर दोन्ही. डावाचें मोल त्याच्या अवघडपणावरही ठरतें. कॅपकॉम कंपनीच्या १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’मधील झांगीफ या रशियन मल्लाचा प्रसिद्ध डाव टाकण्यास काठी पूर्ण वर्तुळांत फिरवून ठोशाचें बटण दाबावें लागतें. डाव साधला तर मोठें फळ. पण त्यासाठीं आधीं प्रतिपक्ष्याच्या अगदीं जवळ जावें लागतें, आणि तेंच त्या धिप्पाड, संथ मल्लास कठीण.

आतां खऱ्या विद्येकडे वळूं. जपानांत कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनीं १८८२ सालीं तोक्योंतील एका बौद्ध मंदिरांत कोदोकान ही संस्था स्थापिली व ज्यूदो शिकविण्यास आरंभ केला. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्यें या विद्येस प्रथम स्थान मिळालें. ज्यूदोंत डावाच्या तीन पायऱ्या सांगतात: प्रथम प्रतिपक्ष्याचा तोल मोडावा, मग आपलें शरीर योग्य जागीं आणावें, आणि शेवटीं डाव टाकावा. ‘ओसोतोगारी’ या डावांत प्रतिपक्ष्यास मागच्या कोपऱ्याकडे असें रेटतात कीं, त्याचें सारें वजन एका टांचेवर येतें. मग तोच पाय मागून आपल्या पायानें झाडून काढतात. वजन टांचेवर आलें नसेल तर कितीही बळ लावा, समोरचा पडत नाहीं.

पडद्यावरील डाव आणि हा डाव यांत एक तत्त्व समान आहे. तेथें मनाचा तोल चुकवावा लागतो, येथें शरीराचा. सावध माणसावर दोन्हीही लागत नाहींत. ‘व्हर्च्युआ फायटर’च्या रचनाकारांस या नात्याची जाणीव होती, २००२ सालच्या आवृत्तींत त्यांनीं गोह हिनोगामी नांवाचा ज्यूदोपटूच आणला.

तथापि भेद याहून मोठा आहे. पडद्यावर आपटलेला योद्धा लगेच उठतो. त्याची शक्तिरेषा थोडी आंखूड होते, इतकेंच. ज्यूदोच्या शाळेंत नवशिक्यास प्रथम पाडावयास नव्हे, तर पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशीं टेंकवून डोकें राखणें आणि हात जमिनीवर आपटून धक्का वांटून देणें, यांचा पुष्कळ सराव झाल्यावरच त्याच्यावर डाव टाकूं देतात. पाडणाराही समोरच्याची बाही सोडीत नाहीं. सरावांत आपल्या जोडीदारास जपून खालीं उतरविणें हें त्याचें कर्तव्य समजलें जातें. शिवाय खालीं चटई असते, जशी आपल्या तालमींत हौद्याची उकरलेली मऊ माती असते. पडणें, जपणें आणि मऊ जमीन, या तिन्ही गोष्टी पडद्यावर दिसत नाहींत, आणि नेमक्या त्याच जीव राखतात.

म्हणून मित्रहो, मधल्या सुटींत शाळेच्या फरशीवर झांगीफचा डाव सोबत्यावर करून पाहूं नका. त्या डावांत माणसाचें डोकें खालीं येतें. मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूस इजा झाली तर हातपाय कायमचे लुळे पडतात, प्रसंगीं प्राणही जातो. त्या वेळीं खेळ पुन्हा आरंभिण्याचें बटण कोणाच्याही हातीं नसतें.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाच्या हातांतील यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं त्यास एकदां विचारा, “हा डाव कशाची तोड आहे?” तो नीट सांगूं शकला तर तो विचार करून खेळतो, असें समजा. सांगतां सांगतां त्याचे डोळे चमकले तर त्यास एखाद्या जाणत्या उस्तादाकडे किंवा ज्यूदोच्या शिक्षकाकडे न्या. पडद्यानें त्यास डावाचें कोडें दाखविलें आहे. पडावें कसें आणि दुसऱ्यास जपावें कसें, हें गुरूच शिकवील.