कुलूप की कडी? : संगणकीय परिभाषेतील दोन शब्दांची तपासणी

बेळगाव-निपाणी भागातील मराठी विद्यार्थी घरी मराठी, बाहेर कन्नड बोलतो आणि संगणकशास्त्र इंग्रजीत शिकतो. 'लॉक' म्हणजे कुलूप आणि 'रेस कंडिशन' म्हणजे शर्यत, असे भाषांतर तो मनातल्या मनात करतो. या प्रतिशब्दांतून संकल्पना पोहोचते का, हे एका उदाहरणावर तपासू.

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००७ साली 'केव्हीएम' हा भाग आला. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालतात आणि प्रत्येकात अनेक आभासी प्रोसेसर असू शकतात. समजा, स्मृतीतील एक पान किती जण वापरतात याची मोजणी ५ आहे. दोन प्रोसेसरांनी ती एकाच वेळी वाचली, दोघांनी त्यात एक मिळवला आणि दोघांनी ६ लिहिले. हवे होते ७. आकडेमोड कोणाचीच चुकली नाही, तरी एक नोंद हरवली. अशाने वापरातले पान रिकामे समजून दुसऱ्याला दिले जाऊ शकते.

शर्यतीत कोणीतरी जिंकतो. येथे निकाल पावलांच्या योगायोगाने घडलेल्या क्रमावर अवलंबून राहतो, हाच दोष आहे. म्हणून 'क्रमदोष' हा शब्द सुचवावासा वाटतो.

'कुलूप'ही फसवा आहे. कुलूप बाहेर जाणारा लावतो. कर्नलमधील लॉक आत काम करणारा, काम संपेपर्यंत लावतो. ती न्हाणीची आतली कडी आहे. काढायला विसरला तर बाहेरचे ताटकळतात.

एकाने पहिली कडी धरून दुसरीची वाट पाहिली आणि दुसऱ्याने नेमके उलट केले, की 'कोंडी' होते. 'डेडलॉक'साठी हा रूढ शब्द अचूक आहे. ती टाळण्यासाठी केव्हीएमच्या दस्तऐवजात क्रम लिहून ठेवला आहे : दोन्ही लागणार असतील तर आधी संपूर्ण आभासी यंत्राची कडी, मग त्यातील प्रोसेसरची.

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात याच प्रश्नावर 'सेमाफोर' ही कल्पना मांडली. तिच्यातील दोन क्रियांना त्यांनी आपल्या डच भाषेतील शब्दांवरून 'पी' आणि 'व्ही' अशी नावे दिली. ती पाठ्यपुस्तकांत आजही टिकून आहेत.

आपल्या विद्यार्थ्याला परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचे आहे. पण वर्गात व्याख्या सांगण्याआधी अध्यापकांनी कडीचा दाखला द्यावा, एवढीच सूचना.