ब्रेक दाबला, तरी गाडी पुढेच

बीडचा ड्रायव्हर कोरड्यात तयार होतो. वर्षातले आठ महिने डांबर तापलेलं, रस्त्यावर धूळ, आणि ब्रेक दाबला की गाडी उभी. कोणत्या वळणाला कुठून पाय ठेवायचा हे पायालाच पाठ होऊन जातं. मग पाऊस येतो तो एकदम. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाला तसा झाला, तर रस्तेच बंद पडतात आणि माणूस निदान घरी बसतो. मला भीती वाटते ती त्याच्या अलीकडच्या पावसाची. रस्ता चालू असतो, फरशी पुलावरून घोटाभर पाणी वाहत असतं, आणि पाय मात्र उन्हाळ्याच्याच हिशेबानं चालत असतो.

मी बरीच वर्षं धारूर, केज, माजलगाव भागात मालाची गाडी चालवतो. बालाघाटातली सीताफळं ऐन परतीच्या पावसात उतरायला येतात, आणि तो माल थांबत नाही. आज तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. अशाच एका संध्याकाळी घाटमाथ्यावरच्या एका वस्तीतून क्रेट भरले आणि धारूरच्या घाटानं तेलगावकडे निघालो. तेव्हाची गाडी जुनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. वस्तीच्या ओढ्यातून निघताना चाकं निम्मी बुडाली होती. घाट लागला, पहिलं वळण आलं, ब्रेक दाबला. पेडल नेहमीच्या उंचीवर होतं, नेहमीसारखंच घट्ट होतं. पायाला काही वेगळं लागलंच नाही. गाडी मात्र वेग सोडेना.

शेजारी बसलेला पोरगा ओरडला, “मामा, ब्रेक दाबा की!”

“दाबलाय रे, धरंना!”

तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. इंजिन कळवळलं, मागचे क्रेट सरकून केबिनवर आदळले, आणि गाडी कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. श्वास खाली बसल्यावर परत हळू निघालो, तर थोडं पुढे गेल्यावर त्याच ब्रेकनं असा काही चिमटा घेतला की स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं. आधी धरत नव्हता, आता नको इतका धरायला लागला.

तो ब्रेक फेल झालेला नव्हता. पुढे एका जुन्या मिस्त्रीकाकांनी माझ्यासमोर ड्रम उघडला, लायनरवर पाणी ओतलं आणि बोट फिरवायला लावलं. बोट साबणावरून फिरावं तसं घसरलं. ड्रमची घडण बंद डब्याची. त्यात शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही, लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये त्याचा थर बसतो, आणि लायनर बसवलेला शू कितीही जोरात दाबला तरी घासायला कोरडी जागाच मिळत नाही. शिवाय ड्रमची रचनाच अशी, की फिरणारं चाक शूला स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून एका बाजूचं लायनर आधी वाळलं की ते चाक एकदम पकडतं आणि गाडी तिकडे ओढते. डिस्क उघडी असते, ती फिरता फिरता पाणी झटकून टाकते. तिलाही पहिल्या क्षणी किंचित उशीर लागतो, पण तेवढाच.

म्हणून पाण्यातून गाडी निघाली, की आरशात मागं पाहा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत पेडलवर पाय हलका टेकवून ठेवा. शे-दोनशे मीटरात घासून घासून लायनर तापतं आणि वाळतं. मग एकदा नीट ब्रेक मारून पाहा. गाडी सरळ उभी राहिली, तरच वेग धरा. उतार पुढ्यात असेल तर हे काम उतारापूर्वी, सपाटीवर उरकायचं. घाटात ब्रेक सुकवायला वेळ मिळत नाही. आणि आपल्याकडचं पाणी कधी नुसतं नसतं, काळ्या रानाचा चिखल घेऊन येतं. तो ड्रममध्ये वाळला की लायनर गुळगुळीत करतो, ड्रमला ओरखडे पाडतो. ओढ्या-नाल्यांतून रोज जाणाऱ्या गाडीचे ड्रम पावसाळा संपल्यावर उघडून साफ करून घ्यावेत. खर्च फार नाही.

पेडल घट्ट असून गाडी थांबत नाही, याचं आणखी एक कारण आपण हातानं तयार करतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. ब्रेकचा बूस्टर इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबेपर्यंत तो साथ देतो, मग पेडल दगड होतं. बूस्टर तपासणं सोपं आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

मऊ पेडलचा आजार निराळा. तो मला मांजरसुंब्याहून पालीकडे घाट उतरताना भेटला. पाऊस थांबला होता, रस्ता जवळपास कोरडा होता, माल भरपूर होता. अर्ध्या घाटात पेडल स्पंजासारखं झालं आणि तळाला जायला लागलं. पंपिंग मारून, गिअर उतरवून गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानं तेच पेडल पुन्हा टणक! थंड झाल्यावर जो दोष गायब होतो तो माणसाला फसवतो. लोक चहा पिऊन पुढे निघतात. गाडीत काही दिवसांपूर्वीच एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल टाकलं होतं, झाकण उघडं राहिलेल्या डब्यातलं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि पावसाळ्यात जास्तच. मानकानुसार डॉट 3 प्रकारचं नवं ऑइल 205 अंशांच्या आत उकळता कामा नये, पण पाणी मुरल्यावर हीच अट 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. घाटात सतत ब्रेक दाबून चाकाजवळचं ऑइल तेवढं तापतं, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, तेही मृगापूर्वी. नुसती भर घालून भागत नाही. जुनं सगळं काढून, हवा काढून, डोळ्यांदेखत फोडलेल्या सीलबंद बाटलीतलं भरून घ्यावं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा. ऑइल कमी दिसलं म्हणून इंजिन ऑइल ओतणारे मी पाहिले आहेत. त्यानं सिलेंडरमधली रबरं फुगतात आणि ब्रेक खरोखरच बसतो.

गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल, वाळल्यावरही ओढत असेल, तर तो पाण्याचा दोष राहिला नाही. व्हील सिलेंडर जाम असेल, किंवा हबचं सील गळून लायनरवर ग्रीस आलं असेल. ग्रीस प्यालेलं लायनर धुऊन वापरू नका, बदला. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला असला तर लायनर ड्रमला चिकटतं. सपाट जागी गिअर टाकून चाकाला दगड लावलेला बरा.

मोटारसायकलवाल्यांसाठी एकच सांगतो. 2019 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना, 125 सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली बहुतेक गाड्यांना सीबीएस आलं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, सीबीएस दोन्ही चाकांना मिळून ब्रेक लावतं. ओलं लायनर यातलं कुणीच कोरडं करत नाही. ओढा ओलांडल्यावर सुकवणं तुम्हालाही चुकत नाही.

आता सगळ्यात जास्त जीव तुटतो त्या गोष्टीकडे येतो. परतीचा पाऊस सरता सरता आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, म्हातारी माणसं, सगळं बिऱ्हाड. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. उतारावर तिचं सगळं वजन ट्रॅक्टरला मागून ढकलतं. ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतील तर पावसाचं पाणी त्यांना बाधत नाही, पण कोरड्या डिस्कचे जुने ट्रॅक्टर अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना चिखलपाणी लागतंच. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचं पेडल वेगळं. शेतात वळायला ते सोयीचं. रस्त्यावर दोन्ही पेडलं जोडणारं लॅच न लावता एकच पेडल दाबलं गेलं, तर ओल्या डांबरावर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. म्हणून रस्त्याला लागताना लॅच लावायचंच. आणि निघायच्या आदल्या दिवशी, ट्रॉली न जोडता, मोकळ्या मातीच्या रस्त्यावर कमी वेगात दोन्ही पेडलं एकदम दाबून पाहायची. खाली उतरून चाकांचे घसरल्याचे माग पाहा. दोन्ही सारख्या लांबीचे हवेत. एक लांब, एक तोकडा दिसला तर ब्रेक मिस्त्रीकडून जुळवून घ्या, पुन्हा दाबून पाहा, आणि मगच ट्रॉलीत लेकरं बसवा.