यंत्राची नजर आणि चित्रातील बारकावा

चित्र पाहून त्याविषयी आपल्या भाषेत उत्तर देणारी यंत्रप्रणाली आता फोनवर आली आहे. परंतु चित्रातल्या एखाद्या नेमक्या जागेविषयी विचारले की ती अडखळते. असे का व्हावे?

२०२१ साली 'ओपनएआय' संस्थेने 'क्लिप' ही प्रणाली ४० कोटी चित्रे व त्यांच्या मजकुराच्या जोड्यांवर घडवली. मजकूर बहुधा अख्ख्या चित्राचा. कोपऱ्यात काय आहे ते त्यात क्वचितच येते. साहजिकच शिकणेही ढोबळ. दुसरी अडचण आकाराची. तिची एक आवृत्ती चित्र ३३६ बिंदूंच्या चौकोनात बसवते आणि त्याचे ५७६ तुकडे पाडते. आता हिशेब पाहा. वडिलांच्या सातबाऱ्याचा मी काढलेला फोटो ४०३२ बिंदू लांब. तो त्या चौकोनात मावेपर्यंत १२ पट आक्रसतो आणि ३६ बिंदू उंचीचा आकडा ३ बिंदूंचा उरतो. मग ३ कोणता नि ६ कोणता? (आपल्या लिपीत तर ही जोडी आरशातलीच!) गट क्रमांक चुकला की शेत दुसऱ्याचे.

यावर उपाय निघाले आहेत. २०२२ च्या 'रीजनक्लिप'मध्ये चित्राच्या एकेका भागाची त्याच्या वर्णनाशी जोडी लावून शिकवले गेले. दुसरा उपाय चित्र न आक्रसता त्याचे मोठे तुकडे करून एकेक तुकडा वाचण्याचा. माझ्या सातबाऱ्यासाठी मला हाच पटतो. मात्र सुट्या तुकड्यात आकडा वाचता आला तरी तो कोणाच्या नावापुढचा हे कळत नाही. म्हणून संपूर्ण चित्राची लहान प्रतही सोबत द्यावी लागते.