गच्चीवरची चांदी

30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने पारा 56 अंशांवर गेल्याचे दाखवले आणि गावात दुसरा विषय उरला नाही. नंतर हवामान खात्यानेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. शहराचा खरा उच्चांक 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचा. नागपूरकराला तेवढाही पुरे आहे. सरकारी यंत्र चुकले तर निदान खाते तसे सांगते. गच्चीवर उभा असलेला ठेकेदार मात्र आपल्या हातातल्या यंत्राबद्दल अवाक्षर काढत नाही, हे प्रस्तुत लेखिकेने भर मे महिन्यात पाहिले आहे.

शेवटचा मजला, वर उघडी गच्ची, पश्चिमेला बेडरूम. नागपुरात एवढे सांगितले की पुढचे कोणी विचारत नाही. एसी का घेत नाही, हे मात्र सगळे विचारतात; त्याचे उत्तर लेखिकेने देणे बंद केले आहे.

अशा घरात ऊन खिडकीतून येते त्यापेक्षा जास्त डोक्यावरून येते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो, पण ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारी एकला घर सुसह्य वाटते आणि संध्याकाळी, बाहेर वारा सुटल्यावर, सिलिंग आग ओकू लागते. पंखा लावला तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’ने घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे 1.2 वॅट. उघडा स्लॅब याच्या कितीतरी पट उष्णता आत सोडतो. जुन्या इमारतींना अर्थातच संहिता विचारायला येत नाही. येतो तो ठेकेदार.

तो आला तेव्हा लेखिकेने साधा पांढरा रंग मागितला होता, ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवायची आहे. ‘पांढरं दोन पावसात जाते ताई,’ तो म्हणाला, ‘हे चंदेरी बघा. अॅल्युमिनियम आहे. ऊन आल्या पावली परत.’ मग त्याने खिशातून तापमान मोजायची बंदूक काढली. आधी उघड्या स्लॅबवर रोखली, मग चंदेरी रंग दिलेल्या पट्ट्यावर. आकडा धाडकन खाली आला. सोसायटीचे सेक्रेटरी खूष झाले, शेजारच्या काकांनी स्वतःच्या हाताने बंदूक चालवून पाहिली, आणि पांढऱ्या रंगाचा विषय तिथेच मिटला.

गच्ची चंदेरी झाली. रात्री दहाला स्टुलावर उभे राहून सिलिंगला तळवा लावला तर तो टेकवून ठेवता येईना. फोन केल्यावर पहिले उत्तर आले, ‘नवतपा आहे ना ताई, सगळ्यांकडेच तापून राहिलं.’ नवतपा संपल्यावर दोष घराच्या रचनेकडे गेला: ‘तुमच्याकडे हवा खेळत नाही.’ मग पंखे जुने निघाले. मग फोन उचलणे बंद झाले.

उलगडा केला भाच्याने. तो आयटीआयमध्ये फ्रिज दुरुस्ती शिकतो. त्याने ठेकेदाराला बाकी हिशेबाच्या नावाने बोलावून घेतले आणि दुपारी दोनला गच्चीवर नेले. रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती कागदी मास्किंग टेप त्याने चंदेरी थरावर चिकटवली, बोटाने दाबून बसवली आणि दहा मिनिटे थांबायला लावले. त्यानंतर ठेकेदाराच्याच बंदुकीने चंदेरी भागावर मोजले: 41. दोन बोटे बाजूला, टेपवर: 59. पुन्हा चंदेरी, पुन्हा टेप, तेच आकडे. ठेकेदाराने बंदूक उलटी करून पाहिली. ‘सेल उतरले असतील,’ असे म्हणून तो खरोखर नवे सेल आणायला जिना उतरला. त्या उन्हात तो परत आला, सेल बदलले, मोजले आणि आकडे हलले नाहीत तेव्हा म्हणाला, ‘टेपच गरम होते, मॅडम.’ ताईची मॅडम झाली ती त्या क्षणी.

यामागचे कारण सोपे आहे. ही बंदूक पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण मोजते आणि पृष्ठभाग साधा, म्हणजे काँक्रीट किंवा कागदासारखा आहे असे धरून चालते. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरण सोडतो. उलट डोक्यावरच्या निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो, आणि बंदुकीच्या दृष्टीने ते आकाश थंडगार असते. म्हणून आकडा खोटा पडतो. त्याच गुणामुळे असा थर रात्री साठलेली उष्णता वर सहज सोडत नाही आणि ती खाली घरात उतरते. टेप काळी घेऊ नये, ती स्वतःच ऊन पिते. कागदी, फिकट रंगाची घ्यावी. पंचवीस-तीस रुपयांची ती गुंडाळी गच्चीचा सौदा ठरवण्याआधी प्रत्येकाने घरात आणून ठेवावी.

कोणी डब्यावरचे चित्र दाखवू लागला तर त्याला दोन आकडे विचारावेत: सूर्यप्रकाश किती परतवतो आणि तापलेला थर उष्णता किती सोडतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीत सपाट छतासाठी पहिला किमान 0.6 आणि दुसरा किमान 0.9 असा निकष आहे. चंदेरी रंग दुसऱ्या परीक्षेत नापास होतो. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल मागितला की माणूस चहा अर्धा ठेवून उठतो.

पांढरा रंग हे काही नवे खूळ नाही. मे 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे त्याच शहरात वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे काम उभे राहिले. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. विदर्भातल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये मात्र अजून चर्चा चालते ती गेटच्या रंगाची.

चुना सगळ्यात स्वस्त. रात्रभर भिजवावा, कापडातून गाळावा, त्यात पांढरे सिमेंट आणि चिकटपणासाठी थोडा फेविकॉल घालावा. गच्ची घासून धुवावी, पोपडे काढावेत, मग एक हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. पावसाळ्यात तो झिजतो, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण उतरतो, तेव्हा मे महिन्यात एकदा झाडू फिरवावा. कबूल, कटकट आहे. थर्माकोलचे फॉल्स सिलिंग ही त्याहून मोठी कटकट: स्लॅब आधी तापतोच, मग त्याला आतून झाकायचे, आणि वर आगीची धास्ती. उष्णता अडवायची ती स्लॅबच्या वर, बाहेर.

भिंतींनाही हाच नियम लागू. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावला तरी ऊन काच ओलांडून घरात आलेले असते. बाहेरून बांबूची चटई किंवा हिरवी जाळी बांधली तर ते काचेपर्यंत पोचत नाही. सकाळी आठ-नऊला खिडक्या बंद, दिवे लागणीनंतर उघड्या, ही आजीच्या काळची शिस्त आजही चालते. सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनी मे महिन्यात पाहिली आहे त्यांना मातीच्या भिंती, कौलांचे छप्पर आणि खोल पडवी काय करतात ते सांगावे लागत नाही.

कूलरबद्दल मोजकेच. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर चांगला कूलर 28 अंशांच्या आसपासची हवा देतो, पण त्याची पाठ उघड्या हवेकडे हवी आणि समोरची एखादी खिडकी किलकिली. बंद खोलीत तोच कूलर दमट कोंडवाडा करतो. मुंबई-रत्नागिरीकडे त्याचा उपयोग नाही, आणि इकडेही मृगाचे ढग आले की पंप बंद करून नुसता पंखा ठेवावा. ताट्या दरवर्षी बदलाव्यात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात. आणि लोखंडी बॉडीत पाणी भरण्याआधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. विदर्भात कूलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

बाकी पाणी भरपूर प्यावे, दुपारी स्वयंपाक टाळावा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवा 40 अंशांपलीकडे गेली की नुसत्या पंख्यासमोर बसणे शरीराला थंड करत नाही, उलट तापवते, हे मात्र घरातल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

गच्चीच्या कामाची बोलणी थंडीतच करावीत. मे महिन्यात गरज आपली असते आणि भाव ठेकेदाराचा. ठरावात लिहून घ्यावे की एक चतुर्थांश रक्कम काम झाल्यावर नाही, तर मे महिन्यातल्या एका रात्री सिलिंगला हात लावून पाहिल्यावर मिळेल. हे ऐकून जो ठेकेदार हसला किंवा रागावला, त्याला जिन्यापर्यंत पोचवून यावे.